आतून भिजलेली भिंत

८ जानेवारी

ताई,

भिंतीत बोट खुपसून बघू नकोस. तळहात सपाट ठेवून हलकेच दाब. हात उचलल्यावर जिथपर्यंत ठसा राहतो तिथे पेन्सिलने खूण कर. मग बाबांच्या झोपायच्या कट्ट्यापासून त्या खुणेपर्यंत दोरा धर, तेवढा काप आणि पाकिटात घालून पाठव. फूटपट्टी नको, तुझ्याकडची टोकाला झिजलेली आहे. बाबा लांबच्या गिऱ्हाइकांकडून दाराखिडक्यांची मापं अशीच मागवायचे, आठवतं ना?

तुमच्या शेजारच्या शिवणमावशींचा फोन आला होता. "तुझ्या बहिणीने सांगायला सांगितलेलं नाही, मीच आपली सांगते," अशी सुरुवात करून त्या म्हणाल्या की बाबांच्या पाठीमागची भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली आहे. मागे त्यांचं मशीन चालू होतं, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र उचलायचं नसलं तरी दाराखालून आत येतं.

मला वाटतं बाहेरून कुठूनतरी पाणी मुरत असणार. तुमच्या भिंतींच्या फळ्या नुसता पेंढा आणि भुसा दाबून केलेल्या असल्या, तरी बाहेरून त्यांना मेणाचा लेप आहे. ही घरं बेतली तेव्हा आम्ही कार्यशाळेत त्यांच्यावर सहा आठवडे पाण्याचा फवारा सोडला होता. मी स्वतः रोज वही घेऊन उभी असायचे. काही झालं नव्हतं. घरामागची चर तुंबली असेल, भाऊजींना बघायला सांग.

एक फळी बदलायची म्हणजे फार मोठं काम नाही. मी बघते.

हे शेवटचे दोन शब्द वाचून तू काय म्हणाली असशील, ते मला इथे ऐकू आलं.

बाबांचा खोकला कसा आहे?

तुझी शहाणी

२ फेब्रुवारी

ताई,

दोरा मिळाला. पाकिटात आणखी काही आहे का म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नव्हतं. काळा दोरा, मावशींकडचा असणार. माझ्या दोन विती आणि वर चार बोटं भरला.

फळीचं सांगते. आमच्या गोदामात एकही फळी नाही. ज्या साच्यात त्या दाबायचो तो साचा दुसऱ्या कामावर गेला, तिथे आता त्यात शाळेच्या बाकांच्या पाट्या दाबतात. म्हणून मी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी फाइल काढली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ही वसाहत बंद झाली."

"बंद कशी? लोक राहतात तिथे."

"लोक राहत असतील हो, घरं बंद झालीत. तीन वर्षांची मुदत होती, आता पाचवं चालू आहे."

"माझी बहीण राहते त्यातल्या एका घरात. वडीलही."

"मग राहत्या घराच्या दुरुस्तीचा अर्ज भरा. पण त्याला घर चालू असावं लागतं."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझा अर्ज कुठल्याच गठ्ठ्यात न घालता टेबलाच्या कडेला ठेवला, पेपरवेट ठेवून. निघताना म्हणाल्या, "उडणार नाही, एवढं बघते." बघ, तुझी शहाणी एकटीच बघणारी नाही.

मावशी सांगत होत्या की भाऊजींकडे अर्धं पोतं सिमेंट आहे आणि ते भिंतीला थापू म्हणतात. नको, ताई. वसाहतीचा नववा नियम आहे: सिमेंट, चुना, विटा, लोखंड, कायमचं काहीही लावायचं नाही. लावलं तर पक्क्या घरांच्या यादीतून नाव जातं. तुमचा नंबर एकसष्टावा आहे. पाच वर्षं ज्याच्यासाठी काढलीत ते अर्ध्या पोत्यापायी घालवू नका.

चर तुंबलेली नव्हती, असंही मावशी म्हणाल्या. मग पाणी येतं कुठून ते मला कळत नाही. इंजिनियरना घेऊन मी येते.

तुझी शहाणी

१९ फेब्रुवारी

ताई,

काल तू मला मॅडम म्हणालीस.

"मॅडम, खुर्ची घ्या. मॅडम, चहात साखर किती?" माझ्या चहात साखर किती असते हे तुला मी शाळेत असल्यापासून माहीत आहे. इंजिनियर बिचारे म्हणाले, "मॅडमच्या बहीण इथेच कुठेतरी राहतात ना?" तू म्हणालीस, "असतील. इथे खूप जण राहतात." भाऊजी हसू आवरायला बाहेर गेले. मीही हसले असते, पण तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

इंजिनियरनी बाहेरून ओल मोजायचं यंत्र लावलं आणि सांगितलं, भिंत ठणठणीत आहे. मग आत येऊन लावलं तेव्हा काटा टोकाला जाऊन थांबला. "आत पाणी कुठून येतं?" त्यांनी विचारलं.

"आत पाणी मी आणते," तू म्हणालीस. "दोन बादल्या, रोज सकाळी. न्हाणीघर ओळीच्या टोकाला आहे, अकरा घरं सोडून. यांना खांद्यावर टाकून नेऊ?"

अर्धांगवायू झाल्यापासून तीन वर्षं तू बाबांना त्या कट्ट्यावर आंघोळ घालते आहेस. अंथरूण गुंडाळून, खाली मेणकापड घालून, पाठ भिंतीला टेकवून. रोज थोडं पाणी पाठीवरून भिंतीवर. शिवाय त्यांचा घाम, तुझ्या चुलीची वाफ, ओले टॉवेल. आम्ही लेप बाहेरून दिला होता. आतून मुद्दाम दिला नाही, भिंतीला श्वास घेता यावा म्हणून. हे वाक्य माझं आहे. माहितीपत्रकात जाड अक्षरात छापलेलं आहे.

इंजिनियर म्हणाले, म्हाताऱ्यांना भिंतीपासून हलवा. तू, भाऊजी आणि इंजिनियर अशा तिघांनी बाबांना खोलीच्या मध्ये बसवून पाहिलं. ते मऊ उशीसारखे एका बाजूला कलंडले. तू त्यांना सावरलंस आणि कोणाकडेही न बघता म्हणालीस, "पाठीला भिंत लागली की बसतात. नाही लागली की पडतात. एवढंच शास्त्र आहे."

तेव्हाच मला भिंतीतला खळगा दिसला. दोन खांदे, मधे कण्याची जागा, आणि डावी बाजू जास्त खोल, कारण ते डावीकडे झुकतात. इंजिनियरनी त्याचा फोटो काढला. मी काढला नाही.

आमच्या प्रत्येक नकाशात एक माणूस असतो, ताई. घराचा अंदाज यावा म्हणून काढतात. करड्या रंगाचा, नाकडोळे नसलेला. दारात उभा असतो, खिडकीशी उभा असतो. या घराच्या नकाशात मी त्याला कट्ट्यावर आडवा काढला होता. रात्री झोपतो, सकाळी उठून कामाला जातो, असा. तो पडून राहील, त्याला कोणी तिथेच न्हाऊ घालेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तो माणूस कधी आजारी पडत नाही.

आणि आपण दोघी तर बाबांच्या हाताखाली वाढलो. खाट गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते एक रात्र तिच्यावर झोपायचे. पाळणा केला तेव्हा त्यात झोपता येईना, तर डोकं आत घालून अर्धा तास वाकून उभे होते. आई म्हणाली होती, "आता दुधाची बाटली देऊ का?" मी त्या घराच्या नकाशावर एकशे चाळीस वेळा, दर घरामागे एकदा, सही केली आणि एक रात्रही तिथे झोपले नाही.

निघताना बाबांनी चांगल्या हाताने भिंतीवर दोनदा ठोकलं. लाकूड विकत घेताना ठोकायचे तसं, आवाज ऐकायला. आवाज आलाच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाले असते, हे मी परतीच्या वाटेत खूप वेळ ठरवत होते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली. नववा नियम मी लिहिला आहे. जमीनमालकाची अट होती की त्याच्या जमिनीवर कायमचं काही राहू नये. त्या अटीला मी एका दुपारी सुंदर भाषेत बसवलं. कोणाच्या घराला ती भाषा लागू होईल, याचा विचार केला नाही.

तुझी

१० एप्रिल

ताई,

दुसरा दोरा आला. तीन विती आणि एक बोट. म्हणजे ओल आता बाबांच्या मानेपर्यंत आली. मी दोन्ही दोरे टेबलाच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवले आहेत. साफसफाईच्या बाई विचारत होत्या, कसले दोरे. मी म्हटलं, मापाचे.

कार्यशाळेत आमची बैठक झाली. साहेबांनी इंजिनियरचे फोटो पडद्यावर लावले. साहेबांना तू ओळखतेस, उद्घाटनाच्या दिवशी बाबांशी लाकडावर तासभर बोलत बसलेले, पांढऱ्या दाढीचे. माणूस मनाने चांगला आहे. ते खळग्याचा फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "पाचव्या वर्षी विरघळायला लागलं. म्हणजे आपलं गणित बरोबर होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता प्रदर्शन करायचं ठरतंय, मातीत परत जाणारं घर, असं काहीसं नाव.

कोणीतरी विचारलं, "त्यात अजून कोणी राहतं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. काही कुटुंबं." पुढे बोलायचं होतं. वाक्य मनात तयार होतं: तो खळगा माझ्या वडिलांचा आहे. पण पडदा बदलला आणि शाळेचे बाक आले. नंतर मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी फोन जवळ ओढला. म्हणाले, "मी फोन करतो." त्यांनी माझ्यासमोर तीन फोन केले. तीनही ठिकाणांहून मुदत संपल्याचं उलट त्यांनाच सांगण्यात आलं.

तू माझ्याशी बोलणं कशामुळे सोडलंस हे मला माहीत नसल्यासारखं मी चार वर्षं वागले. आमच्या घरांच्या पहिल्या प्रदर्शनातलं ते मोठं पोस्टर. तू दारात उभी, हातात पातेलं, बाबा उंबऱ्यावर बसून हसताहेत. तुला न विचारता मी तो फोटो दिला. प्रदर्शन बघून आलेल्या कोणीतरी तुला सांगितलं, तुझा फोटो भिंतीएवढा लावलाय, खाली लिहिलंय "बेघर कुटुंब". मला वाटायचं तू फोटोवरून रागावलीस. आता वाटतं त्या शब्दावरून. घर गेलं होतं, पण बाबा तुझ्याकडे होते. बेघर कोण होतं?

आणि त्याच्याही आधीचं. पूर ओसरला त्या आठवड्यात तू विचारलं होतंस, "तुझ्याकडे लिफ्ट आहे, बाबांना काही दिवस नेतेस?" मी म्हटलं, मी बघते. माझ्याकडे तेव्हा एक खोली रिकामी होती, ताई. नकाशांचे बोर्ड ठेवलेले होते तिच्यात. अजूनही तेच आहेत.

तुझी

२८ मे

ताई,

चार वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं. सोबत तिसरा दोरा. पत्रापेक्षा दोरा लांब होता.

तू लिहिलंस: "फळी मिळणार का नाही ते एका शब्दात कळव. तू फार लांब लिहितेस, वाचायला चष्मा शोधावा लागतो. पाऊस आला की भिंत राहणार नाही असं हे म्हणतात. बाबा बरे आहेत, भिंत बरी नाही."

एका शब्दात: नाही.

आता चष्मा काढून ठेवलास तरी चालेल. पण ठेवू नकोस.

मी रविवारी गाडी घेऊन येते, बाबांना इकडे आणू, असं परवा मावशींकडून तुला विचारलं. तुझं उत्तर त्यांनी शब्दशः सांगितलं. "तिला म्हणावं, आता ते माझ्या हाताशिवाय घास घेत नाहीत. मला पण गाडीत घाल, आणि यांना, आणि चूल, आणि मावशी." मावशी हसत होत्या. मग म्हणाल्या, "ती रडत होती हो." मग म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणू नकोस."

सिमेंट लावा. मी सांगते आहे म्हणून लावा. आधी भिंतीवर गोणपाट ताणून बसवा, त्यावर दोन हात द्या, पहिला पातळ, तो सुकला की दुसरा. उन्हाचे आठ-दहा दिवस आहेत तोवर होईल. यादीतून नाव कापायला कोणी आलं तर माझं हे पत्र दाखव. नियम जिने लिहिला तिनेच मोडायला सांगितला, म्हणावं. त्याचा उपयोग होईल की नाही मला माहीत नाही. एकसष्टावा नंबर जाऊही शकतो. पण नंबराला पाठ टेकता येत नाही.

तुझी

२० जून

ताई,

घरी पोचले. हातांना अजून त्या भिंतीचा वास आहे, ओल्या गवताचा.

तू म्हणालीस, झालं ते झालं, पुन्हा उगाळू नकोस. तरी मला एकदा लिहून काढू दे. गोणपाट मी सांगितलं तसं भाऊजींनी बसवलं. दोन हात मी सांगितले तसे दिले. भिजलेल्या पेंढ्याला सिमेंटचं ओझं पेलणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मला नाही तर कोणाला? चौथ्या दिवशी सकाळी तू बाबांना टेकवलंस आणि बादलीकडे वळलीस. मागची भिंत कंबरेपासून खाली बाहेर पडली आणि तिच्याबरोबर बाबा. मावशी गल्लीत कपडे वाळत घालत होत्या. "भिंतीतून म्हातारा बाहेर आला आणि माझ्याकडे बघून हसला," असं त्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. खांद्याचं हाड मोडलं हे तेव्हा कोणाला कळलं नव्हतं. बाबांनाही नसावं.

वसाहतीचा मुकादम येऊन सिमेंट बघून गेला. तू माझं पत्र दाखवलंस. त्याने ते दोनदा वाचलं, नीट घडी करून परत दिलं आणि वहीत लिहून घेतलं. कचेरीतल्या बाईंना आज विचारलं. एकसष्टाव्या नावापुढे "विचाराधीन" लिहिलंय. याचा अर्थ काय, तर त्या म्हणाल्या, "कापलेलं नाही. आणि आहे असंही नाही."

मी आले तेव्हा भगदाडावर तुम्ही दोन चादरी बांधल्या होत्या आणि पावसाने त्या दोन्ही पोटाशी फुगल्या होत्या. मी गाडीतून ते पोस्टर काढलं. दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच, ताई. ताडपत्रीची दोन दुकानं पालथी घातली, सगळी विकली गेली होती. मग गोदामात गुंडाळून ठेवलेलं ते दिसलं. जाड प्लास्टिकचं, बारा फुटी. नवव्या नियमात प्लास्टिक नाही. ते कायमचं असतं हे लिहिताना मला सुचलं नव्हतं.

आपण ते उलगडलं तेव्हा मला वाटलं तू फाडशील. तू बराच वेळ स्वतःकडे बघितलंस, हातात पातेलं घेतलेल्या, चार-पाच वर्षांनी लहान. भाऊजी म्हणाले, "तू तेव्हा बारीक होतीस." तू म्हणालीस, "तुम्ही तेव्हा गप्प होतात." मग खिशातून दोरी काढायला लावलीस त्यांना, आणि मला म्हणालीस, "तिकडचं टोक धर."

चित्र बाहेर करायचं की आत, मी विचारलं. तू म्हणालीस, "आत. बाहेरच्यांनी पुष्कळ बघितलं."

खालचे शब्द तू कट्ट्यामागे दुमडून खोचलेस. बाबा आता उताणे पडून असतात, पण मान वळवली की त्यांना दिसतात ते स्वतः, उंबऱ्यावर बसलेले, बोलता येत होतं तेव्हाचे. मी दोन तास होते, तेवढा वेळ त्यांनी नजर काढली नाही. मधेच चांगला हात उचलून त्यांनी त्यावर दोनदा ठोकलं. या वेळी आवाज आला, ढोलासारखा. तू पाठमोरी होतीस. म्हणालीस, "पाच वर्षांत तेवढं एकच टिकाऊ केलंस."  मी चहाचे कप विसळायला घेतले. साखर बरोबर घातली होतीस.

फळी मिळालेली नाही. यादीचं कळलेलं नाही. पावसाळा अजून पूर्ण यायचा आहे, आणि ते पोस्टर दोरीच्या आठ गाठींवर आहे. पुढे काय करायचं ते मला खरंच माहीत नाही. मी बघते, असं लिहिलं होतं. खोडलंय, दिसेल तुला.

सोबत एक दोरा पाठवते आहे. पांढरा, माझ्याकडे तोच होता. तो माझ्या उंचीचा आहे. बाबांच्या बाजूने कट्ट्यावर लावून बघ. मला कुशीवर झोपायची सवय आहे, फार जागा लागत नाही, आणि रात्री त्यांना पाणी लागलं तर मी उठेन. एकच रात्र असं म्हणत नाही.

मावत असेन तर दोरा ठेवून घे. नसेन तर जिथपर्यंत जागा आहे तिथे कापून परत पाठव. मी पाय दुमडून झोपेन.

तुझी